रेसिडेन्सीसाठी लेटर्स: कुणाला विचारलं, कुणाला नाही

अमेरिकेत रेसिडेन्सीला, म्हणजे डॉक्टर झाल्यावरच्या हॉस्पिटलातल्या ट्रेनिंगला, अप्लाय करताना एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त चार लेटर्स, म्हणजे शिफारसपत्रं, लावता येतात. पोर्टलवर नावं तुम्ही कितीही टाका, दहा जणांकडून लिहून घ्या, पण एका प्रोग्रॅमपुढं जाणार चारच. आणि हे चार कोण, यावर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जेवढी भांडणं झाली तेवढी स्टेप टू परीक्षेच्या स्कोअरवरून पण झाली नसतील.

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजातनं एमबीबीएस केलं, इंटर्नशिप पण तिथंच, मग बॉन्डचं एक वर्ष नांदेड जिल्ह्यातल्या एका पीएचसीत मेडिकल ऑफिसर म्हणून काढलं (बॉन्ड नको असेल तर दहा लाख भरायचा ऑप्शन तेव्हा होता, आमच्या घरात तो विषय निघालाच नाही) आणि त्यानंतर यूएसएमएलईच्या, म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या लायसन्स परीक्षांच्या, मागं लागले. इंटर्नल मेडिसिनला अप्लाय केलं आणि सोबत थोडे फॅमिली मेडिसिनचे प्रोग्रॅम्स. आता ओहायोत एका कम्युनिटी हॉस्पिटलात इंटर्न आहे, म्हणजे पहिल्या वर्षाची रेसिडेंट, नाईट फ्लोटच्या (रात्रपाळीच्या) मधल्या सुट्टीत हे टाईप करतेय त्यामुळं इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या.

लेटरला एवढं महत्त्व का, तर पूर्वी यूएसएमएलईतल्या पहिल्या परीक्षेचा, स्टेप वनचा, तीन आकडी स्कोअर यायचा, त्यावर निम्मं भविष्य ठरायचं. २६ जानेवारी २०२२ पासून ती परीक्षा नुसती पास-फेल झाली. म्हणजे आता आकडा उरला तो स्टेप टू सीकेचा, आणि बाकी सगळं कागदावरचं, पर्सनल स्टेटमेंट, कॉलेजचं एमएसपीई (विद्यार्थ्याच्या कामगिरीचा कॉलेजनं दिलेला आढावा), आणि लेटर्स. पर्सनल स्टेटमेंट तुम्ही स्वतःच लिहिता, एमएसपीई आपल्या कॉलेजांचं जवळपास साच्यातलं असतं, त्यामुळं दुसरा कुणी माणूस तुमच्याबद्दल खरंच काहीतरी बोलतोय अशी एकच जागा राहते. आणि आमच्यासारख्या आयएमजींचं, म्हणजे अमेरिकेबाहेर डॉक्टर झालेल्यांचं गणित आधीच अवघड, त्यातले जे अमेरिकन नागरिक नाहीत त्यांच्यात २०२४ ला साधारण ५८ टक्केच मॅच झाले, म्हणजे तेवढ्यांनाच रेसिडेन्सीची जागा मिळाली. म्हणजे दहातले चार जण एवढा सगळा खर्च करून हात हलवत परत.

तर लेटर. आपल्याकडं लेटर म्हणजे काय असतं तुम्हाला माहितीये. बोनाफाईडचाच मोठा भाऊ. सदर विद्यार्थिनी आमच्या कॉलेजात अमुक साली होती, हुशार आहे, कष्टाळू आहे, वर्तणूक चांगली आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा, खाली सही आणि गोल शिक्का, आणि जेवढा शिक्का मोठा तेवढं लेटर भारी. अमेरिकन लेटर एक-दीड पानाचं असतं आणि त्यात पहिल्याच पॅराग्राफमध्ये लिहिणारा सांगतो की मी या व्यक्तीला कधीपासून, कुठं, किती जवळून पाहिलं. सगळा खेळ त्या ओळीवर आहे, कारण वाचणारा प्रोग्रॅम डायरेक्टर तिथंच ठरवतो की पुढचं किती सिरियसली घ्यायचं.

म्हणून मी एक काम केलं. वहीत प्रत्येक शक्य माणसाचं नाव एका पानाच्या डोक्यावर लिहिलं आणि खाली एकच प्रश्न, यांनी मला काय करताना बघितलंय? "चांगलं काम" वगैरे नाही, एखादा पेशंट, एखादी रात्र, एखादी चूक जी त्यांनी दाखवली आणि मी सुधारली, असं काहीतरी जे त्यांनाही आठवत असेल. जिथं पान कोरं राहिलं तिथं नाव कितीही मोठं असलं तरी काट.

आता नावं सांगते.

पहिलं नाव अर्थातच आमचे मेडिसिनचे एचओडी. सर खरंच मोठे, जिल्ह्यात कुणालाही विचारा. पण पान उघडून बसले आणि काही सुचेना. सरांनी मला थर्ड इयरला एकदा वायव्हाला स्प्लीन का नाही लागला म्हणून झापलं होतं, आणि एकदा गॅदरिंगला बक्षीस दिलं होतं. बास. दीडशेची बॅच, त्यांना माझं नाव रोल नंबर बघून आठवणार. तरी घरच्यांचं आणि निम्म्या सिनियर्सचं म्हणणं एकच, एचओडीचं नाही घेतलं तर लोक काय म्हणतील, तुझंच डिपार्टमेंट ना ते.

दुसरं नाव आमच्या युनिटच्या असोसिएट प्रोफेसर मॅडम. त्यांचं पान भरलं, उलटून मागं लिहावं लागलं. इंटर्नशिपला मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये डेंग्यूचा सीझन होता, वॉर्डात एका कॉटवर दोन-दोन पेशंट, आणि मॅडमनी मला फ्लुइडचे चार्ट सांभाळायला दिले होते, प्लेटलेट बघून घाबरायचं नाही हिमॅटोक्रिट बघ, हे त्या रोज सांगायच्या. एका रात्री मी त्यांना घरी फोन करून उठवलं कारण एका बाईचा पल्स प्रेशर कमी होत चालला होता आणि रेसिडेंट सर दुसऱ्या वॉर्डात सीपीआरमध्ये अडकलेले. मॅडम स्कूटीवर आल्या. हे त्यांना आठवणारच.

तिसरं, न्यू जर्सीतले वॉर्डातले अटेंडिंग, म्हणजे तिथले सिनियर डॉक्टर. मी एडिसनला मावशीकडं राहून नेवार्कजवळच्या एका हॉस्पिटलात ऑब्झर्वरशिप केली. ग्रॅज्युएट झाल्यावर जाणाऱ्याला बहुतेक ठिकाणी हेच मिळतं, पेशंटला हात लावायचा नाही, ऑर्डर टाकायची नाही, कॉम्प्युटरला लॉगिन नाही. सकाळी काका मेट्रोपार्कला सोडायचे, तिथून ट्रेननं नेवार्क पेन स्टेशन, पुढं बस. तर प्रश्न असा पडतो की हात लावायचा नाही तर माणूस तुमचं बघणार काय? हा प्रश्न लेटर मागायच्या वेळी नाही, रोटेशनच्या पहिल्या दिवशी पडायला पाहिजे असं माझं म्हणणं आहे. लोक शेवटच्या दिवशी डोनट्स घेऊन जातात आणि लेटर मागतात. अरे पण चार आठवडे तू भिंतीला टेकून उभा होतास, तो बिचारा लिहील काय, की मुलगा वेळेवर यायचा आणि डोनट्स छान होते?

मला तिथं पीएचसीची सवय कामाला आली. आपल्याकडं पेशंट कॅरीबॅगेत सगळ्या गोळ्या घालून आणतो, आणि आपण ती टेबलावर ओततो, ही कशाची, ही कधी घेता, ही सकाळची का रात्रीची. तिथं एका आजोबांच्या उशाशी तशीच पिशवी दिसली. मी रेसिडेंटला विचारलं की यांच्यासोबत बसून नुसतं बघू का, ती हो म्हणाली आणि स्वतःही बसली. त्यांच्याकडं एक डबी लिसिनोप्रिलची आणि एक झेस्ट्रिलची, दोन्ही एकच औषध, एकाच्या जागी दुसरं सुरू झालं असावं आणि आजोबा दोन्ही घेत होते, वर चक्कर येते म्हणून अ‍ॅडमिट. यात माझं काही फार मोठं डोकं नाही, फार्मासिस्टनं दुपारपर्यंत पकडलंच असतं. पण अटेंडिंगनी राऊंडला विचारलं हे कुणी बघितलं, आणि रेसिडेंटनं माझं नाव सांगितलं (सगळे सांगत नाहीत, ती भली होती). त्यानंतर ते मला रोज काहीतरी विचारायला लागले. येत नसलं की मी सरळ म्हणायचे माहीत नाही, आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या पानावर लिहून न्यायचे. ते कागद ते कोटाच्या खिशात ठेवायचे. म्हणजे पान भरलं.

चौथं नाव त्याच हॉस्पिटलातले विभागाचे चेअर. यांच्यावरून ग्रुपवर सगळ्यात जास्त कल्ला. चेअरचं लेटर म्हणजे सोनं, एवढ्या जवळ जाऊन घेतलं नाही तर वेडी आहेस. मी त्यांना नून कॉन्फरन्सला बघायचे, एकदा लिफ्टमध्ये बोलले, कुठनं आलीस, इंडिया, अच्छा माझा एक रूममेट इंडियन होता. माणूस चांगला, वागायला एकदम साधा. पान मात्र कोरं. तरी मी कोऑर्डिनेटरमार्फत विचारून पाहिलं, कारण विचारायला काय जातं. उत्तर आलं की सीव्ही पाठव, आनंदानं सपोर्ट करीन. आता यात एक बारीक गोष्ट आहे. मी सगळ्यांना एकाच पद्धतीनं विचारलं होतं, की तुम्ही माझं काम जेवढं बघितलंय त्यावरून तुम्हाला स्ट्राँग लेटर लिहिता येईल का? म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवायची. वॉर्डातले अटेंडिंग म्हणाले हो, स्ट्राँगच लिहीन, आपण मिळून बघितलेल्या दोन-तीन पेशंटची मला आठवण करून दे. चेअरनी स्ट्राँगला हातच लावला नाही आणि फक्त सीव्ही मागितला. ज्याला सीव्हीशिवाय दुसरं काही लागत नाही तो सीव्हीच परत लिहिणार, आणि सीव्ही तर प्रोग्रॅमकडं आधीच आहे. मी त्यांना आभाराची मेल टाकली आणि विषय तिथं सोडला. माझ्या एका बॅचमेटनं दुसरीकडं असंच चेअरचं लेटर घेतलं, त्याचाही मॅच झाला, त्यामुळं माझंच खरं असा दावा नाही. पण चारातली एक जागा अशी घालवायची माझी तयारी नव्हती.

पाचवं नाव ओक ट्री रोडपासून जवळच क्लिनिक असलेले एक भारतीय वंशाचे डॉक्टर, पंचवीसेक वर्षं प्रॅक्टिस. प्रायव्हेट क्लिनिकच्या लेटरहेडला किंमत नाही असं लोक म्हणतात, हॉस्पिटलचं पाहिजे, जिथं रेसिडेन्सी प्रोग्रॅम आहे तिथलं पाहिजे. अर्धं खरं आहे ते. पण क्लिनिकमध्ये मला हिस्ट्री घ्यायला मिळायची, डॉक्टर शेजारी बसून ऐकायचे आणि मग मी प्रेझेंट करायची, असं दिवसभर. वॉर्डातल्या अटेंडिंगनी मला पेशंटशी बोलताना जेवढं बघितलं त्याच्या दसपट यांनी. गुजराती काकू, तेलुगू आजोबा, एक सोलापूरचे काका तर माझं मराठी ऐकून शुगरचं सोडून हुरड्यावर घसरले, त्यांना परत इन्सुलिनवर आणताना माझी दमछाक आणि डॉक्टर हसतायत. यांचं घ्यायचं ठरलं.

सहावं, रिसर्चचे मेंटर. एका सिस्टिमॅटिक रिव्ह्यूवर आम्ही कितीतरी महिने काम केलं, सगळं झूमवर आणि गूगल डॉकवर, प्रत्यक्ष भेट नाहीच. त्यांनी माझी चिकाटी बघितलीये, मी पेशंटशी कशी वागते ते अजिबात नाही. त्यामुळं पान भरलं पण एका बाजूनंच.

आणि सातवं नाव, जे ऐकून ग्रुपवर लोक हसले, आमचे तालुका आरोग्य अधिकारी. टीएचओ साहेब. ना प्रोफेसर, ना इंटर्नल मेडिसिन, ना अमेरिका. पण बॉन्डच्या वर्षात पावसाळ्यात एका गावात गॅस्ट्रोची साथ आली, तेव्हा मी आणि ते कितीतरी दिवस एकाच जीपमध्ये होतो. शाळेच्या वर्गात बाकं जोडून सलाईन लावलेल्या, ओआरएसची पाकिटं मोजायची, आणि संध्याकाळी ओटी टेस्टचं किट घेऊन विहिरीवर, पाण्यात क्लोरीन उतरलंय का बघायला. कागदावर टीसीएल, म्हणजे क्लोरीनची, पावडर टाकलेली असायची, ओटी निगेटिव्ह यायची. मग परत टाकायला लावायचं, परत बघायचं. त्यांचं पान माझ्या वहीत सगळ्यात जास्त भरलं.

आता एचओडी सरांचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच होता, कारण मॅडम त्यांच्याच डिपार्टमेंटच्या, आणि डिपार्टमेंटचं लेटरहेड पाहिजे म्हणजे सरांना कळणारच. मागच्या दारानं करण्यात अर्थ नव्हता. मी सुट्टीत गेले तेव्हा सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेले. सर म्हणाले, "अगं अमेरिकेला चाललीस ना, ड्राफ्ट करून आण, सही करतो." म्हणजे मी काही विचारायच्या आतच. यात सरांचं काही वाईट नाही, पद्धतच ती आहे, वर्षाला किती पोरं येतात, ते कुठं लिहीत बसणार.

मी म्हणलं, "सर, तिकडं लेटर लिहिणाऱ्यानं पेशंटसोबत आम्हाला काम करताना बघितलेलं लागतं. मॅडमच्या युनिटला मी होते, तर मॅडमचं घेऊ का? तुमची परवानगी पाहिजे होती."

सर जरा थांबले. मला वाटलं आता संपलं. म्हणाले, "बरोबर आहे की. मी तुला कुठं बघितलंय." आणि बाहेरच्या क्लार्कला हाक मारून सांगितलं की मॅडमना लेटरहेड दे. वर मला म्हणाले मॅडमनी चांगलं नाही लिहिलं तर ये माझ्याकडं. मी जी भीती घेऊन आत गेले होते तिचा काही उपयोगच झाला नाही.

त्या क्लार्क काकांनी मात्र जावक क्रमांक टाकल्याशिवाय लेटर बाहेर जाऊ देणार नाही असं सांगितलं. काका, हे गोपनीय आहे, मॅडम स्वतः अपलोड करणार आहेत. ते म्हणे असू दे, नंबर पडलाच पाहिजे, उद्या ऑडिट आलं तर. त्यामुळं माझ्या लेटरवर जा.क्र. आणि दिनांक आहे. अमेरिकेत कुणी त्यावर काही विचारलं नाही.

ड्राफ्टबद्दल थोडं बोलते कारण हे फक्त आपल्याकडंच चालतं असं नाही. जर्सीतल्या क्लिनिकच्या डॉक्टरांनी पण सांगितलं, तुझ्या आधीचे सगळे मला ड्राफ्ट पाठवायचे, तू पण पाठव. स्वतःचं लेटर स्वतः लिहायचं की नाही यावर प्रत्येकाचं वेगळं मत आहे आणि ज्यांना दुसरा रस्ताच मिळाला नाही त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण नीतीचं बाजूला ठेवा, एक साधी अडचण बघा. चारही लेटर्स तुम्हीच लिहिली तर चारही एकाच आवाजात बोलणार, तेच शब्द, तीच लांब वाक्यं, आणि तोच आवाज तुमच्या पर्सनल स्टेटमेंटमध्ये. वाचणारा दिवसाला कितीतरी फाईल्स वाचतो, त्याला ते लगेच दिसणार. शिवाय माणूस स्वतःबद्दल लिहिताना एकतर लाजतो नाहीतर सुटतो. मी ड्राफ्टऐवजी प्रत्येकाला एक पान दिलं, त्यावर नुसत्या घटना. कुठल्या महिन्यात, कुठल्या वॉर्डात, कुठला पेशंट (नाव-गाव काढून), मी काय केलं, तुम्ही काय म्हणालात. विशेषण एकही नाही. विशेषणं त्यांची त्यांनी घालावीत. वर कुठल्या ब्रँचला अप्लाय करतेय, पर्सनल स्टेटमेंट, सीव्ही, आणि शेवटची तारीख. डॉक्टर ते पान बघून म्हणाले की हे तर ड्राफ्टपेक्षा सोपं झालं, मला फक्त आठवायचंय.

हे पान देता यावं म्हणून रोटेशन चालू असतानाच रोज रात्री दोन ओळी लिहून ठेवाव्या लागतात, नंतर काही आठवत नाही, पेशंट सगळे एकमेकांत मिसळतात.

पोर्टलचं सांगते पटकन. मायइरासमध्ये, म्हणजे अर्ज भरायच्या पोर्टलमध्ये, प्रत्येक लेटरची वेगळी एंट्री करायची, कन्फर्म केलं की लेटर रिक्वेस्ट फॉर्म तयार होतो, त्यावर एक लेटर आयडी असतो, तो फॉर्म तुम्ही त्या माणसाला पाठवायचा आणि तो स्वतः किंवा त्याच्या ऑफिसातला माणूस त्या आयडीवर पीडीएफ अपलोड करतो. तुमच्या हातात लेटर येतच नाही. कन्फर्म करायच्या आधी नावाचं स्पेलिंग, हुद्दा दोनदा बघा कारण नंतर त्या एंट्रीत बदल होत नाही. आणि एंट्री करतानाच विचारतात की लेटर बघण्याचा हक्क सोडता का. सोडायचा. न सोडणाऱ्याच्या लेटरवर कुणी भरवसा ठेवत नाही, लिहिणारा पण हात राखून लिहितो.

मावशीला हे अजिबात पटलं नाही. "म्हणजे तुझ्याबद्दल लिहिणार आणि तू वाचायचंच नाही? आणि त्यानं काही वाकडं लिहिलं तर?" म्हणलं म्हणूनच तर माणूस निवडताना एवढा जीव काढतेय. ती म्हणाली आमच्या वेळी लग्नाची स्थळं पण अशीच यायची, मध्यस्थ काय सांगून आलाय ते कधी कळायचं नाही.

मॅडमनी तर कमालच केली. सगळं टाईप करून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली, "बघ गं, ठीक आहे का, काही ॲड करायचं का." मी घाबरून फोन केला, मॅडम मला बघता येत नाही, मी तसं लिहून दिलंय. "असं कसं? तुझंच तर आहे!" शेवटी त्यांनी मेसेज डिलीट केला. प्रीव्ह्यूमध्ये मला फक्त लेटरहेड आणि तो जावक क्रमांक दिसला होता. अपलोडला मात्र त्यांना अकाउंट उघडणं, पासवर्ड, स्कॅन मोठा झाला, परत स्कॅन, असं सगळं करावं लागलं, त्यांच्या मुलानं बसून करून दिलं, बारावीतला आहे, त्याला मी एडिसनहून चॉकलेट्स पाठवली.

वॉर्डातल्या अटेंडिंगचं लेटर उशिरा आलं. सप्टेंबरच्या शेवटाला प्रोग्रॅम्सना अर्ज दिसायला लागतात आणि माझं सगळ्यात महत्त्वाचं लेटर तेव्हा "नॉट अपलोडेड" दाखवतंय. अर्ज लेटरसाठी थांबत नाही, नंतर आलेलं लेटरही लावता येतं, हे माहीत असूनसुद्धा झोप उडते. मी त्यांना एक आठवण आधी पाठवली होती, दुसरी कशी पाठवू, अमेरिकन माणूस, राग आला तर? शेवटी त्याच भल्या रेसिडेंटला विचारलं. ती म्हणाली पाठव सरळ, ते मेल उघडतच नाहीत, कोऑर्डिनेटरला पण सीसी कर. दोन दिवसांत लेटर वर. तर लाजू नका.

शेवटी वाटणी अशी केली. तीन लेटर्स सगळीकडं, वॉर्डातले अटेंडिंग, क्लिनिकचे डॉक्टर, आणि मॅडम. हॉस्पिटल, ओपीडी, आणि भारत, तिघांनी माझं वेगवेगळं बघितलेलं. दोन अमेरिकेतली असल्यानं जिथं अमेरिकेतल्या क्लिनिकल कामाचं लेटर लागतंच अशी अट होती तिथंही अडलं नाही. चौथी जागा प्रोग्रॅम बघून. युनिव्हर्सिटीचे, रिसर्चवाले जे होते त्यांना मेंटरचं. आणि फॅमिली मेडिसिन, आणि जे कम्युनिटी प्रोग्रॅम्स वेबसाइटवर गावाकडच्या, इन्शुरन्स नसलेल्या पेशंटबद्दल बोलतात, त्यांना टीएचओ साहेबांचं. कुठलं लेटर कुठं लावलंय याची एक्सेल शीट ठेवा हं, नाहीतर इंटरव्ह्यूला बसल्यावर कळत नाही समोरच्यानं काय वाचलंय.

टीएचओ साहेबांना इंग्रजीत लिहायचं म्हणल्यावर जरा अवघडल्यासारखं झालं होतं. म्हणाले, डॉक्टर, आमचं इंग्रजी सरकारी आहे. मी म्हणलं साहेब, सरकारीच पाहिजे, रिपोर्ट लिहिता तसं लिहा, तारखेसकट. त्यांनी तसंच लिहिलं असणार.

कारण इंटरव्ह्यू. झूमवर, त्यांची सकाळ आणि आमची संध्याकाळ. एका प्रोग्रॅमच्या असोसिएट डायरेक्टर बाईंनी बाकी नेहमीचं सगळं विचारलं, आमच्याकडंच का, कमकुवत बाजू कुठली, आणि मग समोरचा कागद बघत म्हणाल्या, यात लिहिलंय की पहिली टेस्ट निगेटिव्ह आल्यावर तू अंधार पडल्यावर परत त्या विहिरीवर गेलीस, हे मला नीट समजलं नाही, डॉक्टर विहिरीवर कशाला जाते? मग मी ओटी टेस्ट समजावली, क्लोरीन असेल तर रंग पिवळा येतो, नसेल तर येत नाही, कागदावर पावडर पडलेली असते पण पाण्यात नसते, आणि पाणी बदललं नाही तर उद्या वर्गात परत तेवढीच पोरं. त्या नोट्स घेत होत्या. वेळ संपली तरी विचारत होत्या की पावडर टाकायचं काम कुणाचं, त्याला तू कसं बोललीस, तो चिडला नाही का. चिडला होता, मग त्याच्याच घरी चहा घेतला, हे पण सांगितलं.

दुसऱ्या एका ठिकाणी औषधांच्या पिशवीबद्दल विचारलं. म्हणजे अटेंडिंगनी ते लिहिलं होतं. लेटर बघायचा हक्क सोडलेला असला तरी इंटरव्ह्यूवाले असे तुकडे तुकडे तुम्हाला वाचून दाखवतात, आणि तेव्हा कळतं की कुणी काय लक्षात ठेवलं. क्लिनिकच्या डॉक्टरांनी हुरड्याचं लिहिलं होतं की नाही हे अजून कळलेलं नाही.

मार्चमध्ये मॅच डे ला आपल्याकडं रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मॅच झाला तो विहिरीवाल्या बाईंच्या प्रोग्रॅमलाच, पण तो एका लेटरमुळं झाला असं मी म्हणणार नाही, रँक लिस्टवर, म्हणजे माझ्या पसंतीच्या यादीत, मी त्यांना वर टाकलं होतं, स्कोअर होता, नशीब होतं. लेटर दिलेल्या सगळ्यांना त्याच रात्री कळवलं, चेअरना सुद्धा. लिहून दिल्यावर पुढं काय झालं हे बरेच लोक कळवत नाहीत म्हणे, क्लिनिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, निम्म्यांचं काय झालं हे त्यांना फेसबुकवरून कळतं. एचओडी सरांनी कॉलेजच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला, आमच्या विभागाची विद्यार्थिनी म्हणून. टीएचओ साहेबांनी फोन करून विचारलं, तिकडं विहिरी असतात का.

आता इथं ऑब्झर्वर येतात, त्यातले काही जण मला लेटर मागतात. मी इंटर्न आहे, रेसिडेंटच्या लेटरला प्रोग्रॅम्स फार किंमत देत नाहीत, अटेंडिंगचंच पाहिजे असतं. त्यामुळं मी एवढंच करते की राऊंडला त्यांनी काही बघितलं असेल तर अटेंडिंगसमोर त्यांचं नाव घेऊन सांगते. परवा लखनौच्या एका मुलानं पेशंटचं ऐकायचं मशीन ड्रॉवरमध्ये सापडवून दिलं, आम्ही सगळे दोन दिवस त्या बाईला कन्फ्यूज्ड समजत होतो. अटेंडिंगनी त्याचं नाव विचारून घेतलंय. बाकी त्याचं त्यानं बघावं, अजून तीन आठवडे आहेत त्याचे.